नडगीतली सळी

१८५३ साली मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. लोखंडाशी आम्हा मंडळींची ओळख अशी जुनी. पण त्याच जातीचं पोलाद एक दिवस माझ्या नडगीत येऊन बसेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी लहान असताना अब्बांचा पाय मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं. अब्बा जन्मभर लंगडले आणि मी मनात त्या वैद्याला बोल लावत राहिलो.

पुढे डोंबिवलीत भर पावसात मी जिन्यावरून घसरलो. ठाण्यात डॉक्टरांनी नडगीच्या पोकळीत सळी घातली.

या सळीची हकिगत युद्धाशी जोडलेली आहे. जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड कुंट्शर या शल्यविशारदानं १९३९ साली मांडीच्या हाडात असा पोलादी खिळा बसवला. महायुद्धात जखमी शत्रुसैनिकांनाही तो बसवला गेला. हे कैदी सुटून मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे एक्स-रे पाहून तिथले डॉक्टर चकित झाले. एका कैद्याच्या पायातून विद्येनं सरहद्द ओलांडली!

मी डॉक्टरांना विचारलं, "सळीनं हाड जुळतं का?"

"नाही. सळी नुसती धरून ठेवते. जुळतं ते हाड आपलं आपणच."

म्हणजे कामट्यांचंही काम तेच. त्या बाहेरून धरत, ही आतून धरते. वैद्याचा हात खोटा नव्हता; त्याच्यापाशी आत पोहोचणारं पोलाद नव्हतं, इतकंच. लोकलमध्ये चढताना हल्ली त्याचीही आठवण येते.