पुरचुंडीचा शेक

कंबर धरली की आपण तव्यावर खडेमीठ तापवतो, फडक्यात पुरचुंडी बांधतो आणि शेकतो. कुणी शिकवलं? आजीने. पण ही पुरचुंडी आजीच्या आजीहूनही फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत, सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळा शेकावर आणि घाम काढण्यावरच आहे. त्यात तेरा प्रकार सांगितलेत आणि पहिलाच आपल्या पुरचुंडीचा! तीळ, उडीद, कुळीथ शिजवून गोळे करायचे, नाहीतर वाळू, दगड, अगदी शेणसुद्धा तापवायचं, आणि कापडात बांधून शेकायचं. जमीन तापवून तिच्यावर निजायचाही एक प्रकार आहे.

काही ठिकाणी पाणी जमिनीतूनच गरम येतं. वज्रेश्वरीला तानसा नदीकाठी अशी कुंडं आहेत. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला तिथलं देऊळ बांधलं, असं सांगतात. लोक देवीला जातात आणि दुखरे गुडघे घेऊन कुंडातही उतरतात.

आपल्या घरात मात्र बाईला हक्काचा शेक मिळायचा तो बाळंतपणातच. सव्वा महिना तेल, कढत पाणी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. एरवी दुसऱ्यासाठी पाणी तापवणारी तीच. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात, म्हणून तिला बरं वाटायचं हे खरंच. पण दारं-खिडक्या लावून ठेवलेली ती शेगडी मला कधीच पटलेली नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो. शेक ठेवा, शेगडी बाहेर काढा.

रबरी पिशवी त्या मानाने कालची. १९०३ साली झाग्रेबच्या स्लावोल्युब पेंकाला यांनी गरम पाण्याच्या पिशवीचं पेटंट घेतलं. पाळीत पोट दुखतं तेव्हा ती फार सोयीची. पण पुरचुंडी दुसऱ्याच्या हातात असायची. आधी तिचा हात पोळायचा, मग आपली पाठ. पिशवी किंवा विजेचा पॅड आपण अंगाखाली घेऊन झोपून जातो, आणि सकाळी फोड येतो. म्हणून पिशवीत उकळतं पाणी भरू नका, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि वीस मिनिटांत काढा. नुकताच पाय मुरगळून सुजला असेल तर शेकूच नका.

चरकाने कुणाला शेकू नये याचीही यादी दिली आहे. तिच्यात गरोदर बाई आहे आणि मधुमेहीही आहे. आपल्या गटांमध्ये साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. अशा बाईचे तळवे बधिर असले तर पाणी किती कढत आहे ते पायाला कळतच नाही. तिच्यासाठी पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं, आणि पाय शेकायचे की नाही ते आधी डॉक्टरांना विचारायचं.