सारीपाट आणि त्याची उत्तरावृत्ती

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावी एखाद्या ओट्यावर सायंकाळी चार तरुण एकाच मोबाईलवर ओणवे होऊन लुडो खेळताना दिसले, तर हा खेळ आपल्याच घरून विलायतेस जाऊन नाव आणि पोशाख बदलून परतला आहे, हे त्यांच्या ध्यानी येण्याचे काही कारण नाही. ज्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलाने माळवा सुभ्यातील सरकार नंदुरबारची नोंद केली, त्याच ग्रंथात चौपटाचे, म्हणजे आपल्या सारीपाटाचे, सविस्तर वर्णन आहे: चार रंगांच्या सोळा सोंगट्या, एक, दोन, पाच आणि सहा ठिपक्यांचे तीन लांबट फासे, आणि बादशहाच्या मजलिशीत कधी दोनशेहून अधिक माणसे खेळात गुंतलेली असत, सोळा डाव पुरे झाल्याखेरीज कोणास घरी जाण्याची मुभा नसे, आणि हा प्रकार कधीकधी तीन महिने चाले. (वसुलीच्या आकड्यांइतक्याच निष्ठेने सोंगट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या दरबारी लेखकाचे मला कौतुक वाटते.)

1896 साली इंग्लंडात लुडोचे पेटंट घेतले गेले, तेव्हा चौपटाची आकृती शाबूत राहिली. परंतु तीन फाशांच्या जागी एकच ठोकळा आला, आणि पडलेले दान कोणत्या सोंगट्यांत कसे वाटून द्यावे हा जो खेळाडूच्या बुद्धीचा खरा प्रांत, तो पुष्कळ आकुंचित झाला. सहा, सहा आणि एक मिळून होणारा पवबारा तर त्या ठोकळ्यावर पडणेच अशक्य. तो आता आपल्या ‘पोबारा करणे’ या वाक्प्रचारापुरता उरला आहे. याहून मोठी हानी भिडूची. सारीपाटात समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे; स्वतःच्या चारही सोंगट्या घरी पोहोचल्या तरी भिडूच्या पोहोचेपर्यंत डाव जिंकला असे होत नाही. विलायती खेळात जो तो आपल्यापुरता.

2016 साली नवी मुंबईतील गेमशन कंपनीने ‘लुडो किंग’ काढला आणि 2020 च्या टाळेबंदीत दूर अडकलेली कुटुंबे त्यावर एकत्र आली, हे त्याचे पुण्य मान्य करूनही, डौल आणि डावपेच यांच्या बाबतीत माझा कौल मूळ खेळालाच आहे. ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी जुना कापडी पट असेल, त्यांनी एकदा तो उलगडून जोडीने डाव मांडावा. फासे हरवले असतील, तर पचिशी या कवड्यांनी खेळायच्या भावंड-खेळाच्या रीतीने सात कवड्या पुरतात.