सुताराच्या घरची ऐरण

महाराष्ट्राच्या जुन्या गांवगाड्यांत सुतार आणि लोहार हे एकमेकांवांचून न चालणारे बलुतेदार होते. नांगर लांकडाचा, पण त्याचा फाळ लोखंडाचा. गाडीचें चाक बाभळीचें, पण त्यावरची धाव लोखंडाची. सुताराची करवत, पटाशी व वांकस हीं हत्यारें लोहाराच्या भट्टींतून निघत. आणि लोहाराच्या घणाचा दांडा व भात्याच्या फळ्या सुताराच्या हातच्या असत. पांचाळांच्या परंपरेनें तर लोखंड, लांकूड, तांबें, दगड व सोनें यांचीं पांचही कामें विश्वकर्म्याच्या पांच पुत्रांचीं मानिलीं आहेत. कृष्णाकांठच्या सातारा-सांगली भागांत या दोन भावांपैकीं लांकडाच्या भावानें लोखंडाच्या घरांत पाऊल कसें टाकलें, आणि तें टाकणें त्यास कां भाग पडलें, हा इतिहास लक्षांत घेण्याजोगा आहे.

या दोन घरांमधील उंबरठा म्हणजे चाकाची धाव. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून सुतार चाक उभें करी. परंतु धावेवांचून तें दगडाळ वाटेवर फार दिवस टिकणारें नव्हे. लोखंडी पट्टी वळवून तिचें कडें करावयाचें, तें चाकाच्या घेरापेक्षां जाणूनबुजून किंचित् लहान ठेवावयाचें, आणि गोवऱ्यांच्या आगटींत लालसर होईपर्यंत तापवावयाचें. पांच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें १८८ इंच भरतो. एवढी पट्टी ५०० अंश सेंटिग्रेडनें तापली म्हणजे तिची लांबी एक इंचाहून थोडी अधिक वाढते. तेवढ्यांत ती चाकावर चढवून वर पाणी ओतलें, कीं ती आवळते आणि चाकाचे सारे सांधे घट्ट बसतात. हें काम जवळून पाहणाऱ्या सुतारास लोखंडाचा पहिला धडा आपोआप मिळे: ही धातु तापली कीं वाढते, निवली कीं आवळते, आणि हें वाढणें-आवळणें मोजून कामास लावतां येतें.

लोहारकामाचा आरंभीचा संसार लहान असतो. जमिनींत खणलेली भट्टी, कातडी भाता, लांकडी कोळसा, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी, सुंभा, कानस आणि शेजारीं पाण्याची कुंडी, एवढ्यावर काम सुरू होतें. यांपैकीं भात्याच्या फळ्या, हत्यारांचे दांडे आणि ऐरणीखालचा ठोकळा सुतार घरींच करूं शके. सांडशी, छिन्नी व सुंभा हीं तर शिकतां शिकतां घडवावयाचीं. कारण आपलीं हत्यारें आपणच घडविणें हेंच या धंद्याचें पहिलें शिक्षण होय. खर्चाची मोठी वस्तु म्हणजे ऐरण. आणि तिच्या जागींही रेल्वेच्या जुन्या रुळाचा तुकडा आरंभीं पुरतो.

हत्यारांपेक्षां अवघड असते ती संवय बदलणें. सुतार नको असलेला भाग काढून टाकतो, आणि एकदां तासलें गेलेलें लांकूड परत येत नाहीं. लोखंड मात्र एका अंगानें दबलें तर दुसऱ्या अंगानें पसरतें. लोहार आहे तेंच सरकवितो. लांकडाचा तंतु हातानें चाचपणाऱ्यास येथें डोळ्यांनीं रंग वाचावा लागतो. म्हणून भट्टी नेहमीं सांवलींत असते. पोलादाची पटाशी लाल तापवून पाण्यांत बुडविली, कीं ती कठीण होते, पण कांचेप्रमाणें ठिसूळही होते. तिला पुन्हा हळूहळू ऊब दिली म्हणजे घासलेल्या पृष्ठावर सुमारें २३० अंशांस फिकट पिवळा व ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग उमटतो. पिवळ्यावर थांबलें तर धार टिकते. निळें होऊं दिलें तर ती मऊ पडते. चांगली पटाशी कोणती, हें जन्मभर ती वापरणाऱ्या सुताराला अधिक कळे, आणि नवशिक्या लोहार या नात्यानें तेंच त्याचें भांडवल होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा संबंध कारखान्याच्या पायरीवर चढला. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे सुतारही नव्हते आणि लोहारही नव्हते. मुंबईच्या कलाशाळेंत शिकत असतां कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळल्यावर चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. बेळगांवीं त्यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें सुमारें दोन वर्षें त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जागा आणि १०,००० रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें. निवडुंगाच्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. हें ठिकाण आज सांगली जिल्ह्यांत आहे.

ओतकामाच्या अशा कारखान्यांत पहिलें काम असतें तें सुताराचें. वितळलेलें लोखंड वाळूच्या साच्यांत ओततात. पण तो साचा उठविण्यास आधीं लांकडाचा हुबेहूब नमुना लागतो. निवतांना ओतीव लोखंड फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें; म्हणून नमुना तितका मोठा ठेवावा लागतो. वाळू न मोडतां तो वर निघावा यासाठीं त्याच्या बाजूंस बारीक उतार द्यावा लागतो. धावेच्या कड्यांत जें गणित होतें, तेंच येथें उलट बाजूनें आलें; आणि रंधा हातीं घेणारा माणूस न वितळलेल्या लोखंडाचें माप धरूं लागला.

या प्रगतीची दुसरी बाजू मात्र कडू होती. लांकडी नांगर मोडला कीं शेतकरी सुताराकडे येई, आणि सुगीला सुतार खळ्यावरून आपलें बलुतें नेई. लोखंडी नांगर रोख पैशांनीं येऊं लागला. सातारा रोड येथें १९२२ सालीं धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला, आणि तेथूनही लोखंडी नांगर शेतांत जाऊं लागले. पुढें उसाच्या गाड्यांस रबरी चाकें आलीं व धावेचें कामही आटलें. केवळ लांकडावर विसंबलेल्या सुताराचें धान्य अशा रीतीनें खळ्यावरच राहिलें. ज्याच्या अंगणांत भाता व ऐरण होती, त्याच्याकडे मात्र झिजलेला फाळ, वांकलेला दांडा आणि तुटलेली साखळी घेऊन शेतकरी येत राहिला. लोखंडी नांगरानें सुताराचें एक काम हिरावून घेतलें; दुसरें काम त्यास मिळालें, तें त्यानें वेळीच घण उचलला म्हणून.