मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

'एवढा मोठा झाला, आता त्याचे त्याने करायला नको का?' आणि 'त्याला कसे जमणार? आपणच करून देऊ.' ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या किशोरवयीन मुलाच्या घरी आणि वर्गातही ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी ऐकू येतात. हा पेच नवा नाही. ज्या मुलाचे स्वमग्नतेचे निदान पहिले मानले जाते, त्याच्या चरित्रातही तो आहे.

डोनाल्ड ट्रिप्लेटचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट या लहान गावी झाला. पाठांतर विलक्षण, पण माणसांकडे लक्ष नाही. वस्तू गरगर फिरवत बसायचे आणि ठरलेला क्रम मोडला की आकांत करायचा. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून १९३७ साली आईवडिलांनी त्याला संस्थेत ठेवले. पण सुमारे वर्षभराने, तिथल्या प्रमुखांचा सल्ला डावलून, त्यांनी त्याला घरी आणले. वडिलांनी ३३ पानांचे टिपण लिहून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवले. १९४३ साली कॅनर यांचा अकरा मुलांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड.

पुढे मात्र आम्हा वैज्ञानिकांच्या इतिहासातले एक लाजिरवाणे पान येते. कॅनर यांनी पालकांच्या 'थंडपणा'वर बोट ठेवले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात दोष थेट पालकांच्या, विशेषतः आईच्या माथी मारला. त्याआधीच, १९६४ साली, स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी कारण जैविक असल्याचे मांडले होते. १९७७ साली सुसान फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. १० द्विबीज जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे त्यावरून दिसले. तोवर कित्येक आया स्वतःला अपराधी मानत जगल्या होत्या.

आता पुन्हा डोनाल्डकडे वळू. १९४२ साली त्याला गावाबाहेरच्या एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि चकित झाले. मुलाला मोजमापाचा नाद. म्हणून त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगण्याचे काम दिले होते. तो मक्याच्या ओळी पुन्हापुन्हा मोजत असे. मग 'नांगरता नांगरता मोज' असे सांगितले. अकरा वर्षांच्या त्या मुलाने कॅनर यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडाही नीट वळवला. गावच्या शाळेनेही त्याचा विक्षिप्तपणा सामावून घेतला होता.

या दांपत्याने मोजणे बंद करा असे म्हटले नाही, आणि 'बिचारा' म्हणून त्याला रिकामेही बसवले नाही. नादाला त्यांनी काम जोडून दिले. आधार आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत आल्या.

डोनाल्ड १९५८ साली पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला. २०२३ साली, ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. बँक त्याच्या आजोळच्या घराण्याची होती, घर सुखवस्तू होते, हेही सांगायला हवे. प्रत्येकाला असे बळ मिळत नाही. काही स्वमग्न व्यक्तींना जन्मभर मदत लागते आणि तो कोणाचाही पराभव नव्हे. पण १९७१ साली कॅनर यांनी त्या अकरा जणांचा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी संस्थांत गेलेल्या मुलांची आधीची चमकही मावळलेली त्यांना दिसली. तिथे त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षाच उरली नव्हती.

आपल्या वर्गात असा विद्यार्थी असेल, तर त्याचा नाद कोणता ते आधी पाहावे. पताका मोजणे, नकाशे लावणे, वेळापत्रक लिहिणे, यांपैकी एखादे काम खरोखर त्याच्यावर सोपवावे. पहिल्या दिवशी सोबत उभे राहावे आणि मग रोज एकेक पाऊल मागे सरावे. चुकले, तर काम काढून घेऊ नये. पुन्हा एक पाऊल पुढे यावे.