रोहिणखेडची वाट आणि पुडाची वडी

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यात, रोहिणखेड नावाचे एक गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन शब्द म्हटले, की सारा जिल्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. वर बालाघाटाचे पठार, खाली काळ्या जमिनीचा पसरलेला पायनघाट. या दोहोंच्या सांध्यावर रोहिणखेड बसले आहे. आज तेथे सहज कोणी वाट वाकडी करून जाईल असे नाही. पण इतिहास मात्र या गावी दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा तलवार उपसून थांबला.

पहिला प्रसंग १४३७ सालचा. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याची राणी ही खानदेशच्या नसीरखान फारुकीची मुलगी. पुढे संगमेश्वरच्या राजाची कन्या सुलतानाच्या जनानखान्यात आली, तिच्यावर त्याची मर्जी बसली, आणि थोरलीला आपली उपेक्षा झाल्यासारखे वाटले. तिने माहेरी गाऱ्हाणे नेले. लेकीचे डोळे पुसायला बाप निघाला तो एकदम फौज घेऊनच वऱ्हाडात उतरला! बहमनींचा सरदार खलफ हसन याने त्याला रोहिणखेडास गाठून मोडले, बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला आणि ते शहर जाळले. नसीरखान त्याच साली मरण पावला. एका घरातली धुसफूस. तिची किंमत दोन प्रांतांनी मोजली.

दुसरा प्रसंग त्यानंतर दीडशे वर्षांनी, १५९०-९१ च्या सुमारास घडला. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशहा हे पोर बसलेले, आणि कारभाराची दोरी जमालखान महदवी याच्या हाती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयास गेलेला होता. तो परत आला, खानदेशच्या राजा अलीखानाची फौज त्याला मिळाली, आणि गाठ पडली ती पुन्हा रोहिणखेडासच. जमालखान रणात पडला आणि बापाने पोटच्या पोराचे तख्त घेतले. जमालखानाच्याच पंथातल्या खुदावंतखान महदवीने १५८२ साली बांधलेली सुंदर मशीद मात्र या गावी मागे राहिली.

हे सारे आम्ही पुस्तकांत वाचले. पण खरे सांगायचे, तर रोहिणखेडच्या वाटेने जाताना आमच्या मनात नेहमी निराळाच प्रश्न येतो. या एवढ्या फौजा येथून गेल्या, त्या खात काय होत्या? तवारिखा लिहिणारे हत्ती मोजतात, घोडे मोजतात, कापलेली मुंडकी मोजतात. चुली मोजीत नाहीत. आणि गंमत अशी, की आज या टापूतल्या बाजारात उभे राहून खलफ हसन कोण होता असे विचारले, तर दहा माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. परंतु पुडाची वडी चांगली कुठे मिळते असे विचारा, की दहा जण दहा गाड्यांची नावे सांगून आपसांत भांडू लागतील! ज्याच्यासाठी लोक अजून भांडतात, तो जिवंत इतिहास. म्हणून या दिवाळीला लढायांना नमस्कार करून आम्ही वडीकडे वळतो.

वऱ्हाड-नागपुराबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पुडाची वडी हिलाच सांबारवडीही म्हणतात. हे नाव ऐकून पुण्याचे आमचे एक स्नेही वाटीभर सांबाराची वाट पाहत बसले होते. त्यांना इडलीबरोबरचे सांबार अपेक्षित होते. आणि आमच्याकडे तर सांबार म्हणजे कोथिंबीर! बाजारात ‘एक जुडी सांबार द्या’ म्हटले, की हातात हिरवीगार कोथिंबीर पडते.

वडीची कृती सोपी, पण चुकायला जागा फार. कोथिंबीर निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून अगदी कोरडी होऊ द्यायची. पाण्याचा थेंब राहिला तर वडी आतून रडते. मग ती जाडसर चिरायची. तेलात आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात भाजलेले सुके खोबरे, खसखस, तीळ, जमल्यास चारोळी घालायची. मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. कोथिंबीर शेवटी घालून नुसती गरम होऊ द्यायची, शिजवायची नाही. वरचे आवरण बेसन आणि कणकेचे किंवा मैद्याचे, कडकडीत मोहन घातलेले, ओवा-हळद लावलेले. त्याची पातळ पोळी लाटून आतल्या अंगाला चिंचेचा कोळ किंवा मसाल्याचे तेल पुसायचे, वर सारण ठेवायचे, आणि वाणी जिऱ्याची पुडी बांधतो तशी चारी बाजूंनी घडी घालून मंद आचेवर तळायची. बरोबर पातळ कढी. पहिल्या घासाला वरचा पापुद्रा कुरकुरतो, आणि दुसऱ्याच क्षणी तोंडात अख्खी बाग उघडते.

आता या पुडीच्या पोटात इतिहास किती भरला आहे तो पाहा. कोथिंबीर ही आपली जुनीच ओळखीची. पाणिनीने आपल्या व्याकरणात ‘कुस्तुम्बुरु’ या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. एवढ्या मोठ्या वैयाकरणाला ज्या भाजीसाठी थांबावे लागले, तिच्याच नावापासून आपली ‘कोथिंबीर’ झाली. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर उघडली, तेव्हा परलोकाच्या प्रवासासाठी राजाबरोबर ठेवलेल्या सामानात धनेही सापडले. तिच्या शेजारी बसलेली मिरची मात्र अगदी अलीकडची पाहुणी. ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. म्हणजे रोहिणखेडच्या पहिल्या लढाईत लढणाऱ्या एकाही शिपायाने जन्मात मिरची चाखलेली नव्हती! वऱ्हाडी माणसाला हे पचायला जड जाईल, पण आहे खरे.

सारणाला गुंडाळून तळण्याची कल्पनाही अशीच पुष्कळ हिंडलेली आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीस महंमद तुघलकाच्या दरबारी होता. बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले घातलेला खिमा पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळीत, त्या संबुसकाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. पुढे मांडूच्या घियासशहाने तर पाककृतींचा सचित्र ग्रंथच करविला. ‘निमतनामा’ त्याचे नाव. त्याच्या मुलाच्या, नासिरशहाच्या वेळी तो पुरा झाला आणि आज तो लंडनला आहे. त्यात समोशांचे कितीतरी प्रकार दिले आहेत. मांडू म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नव्हे. नर्मदा उतरावी, बुऱ्हाणपूर गाठावे, तापी ओलांडावी, की वऱ्हाडचे घाट दिसू लागतात. ज्या वाटेने फौजा आल्या त्याच वाटेने व्यापारी, तांडे, खानसामे आणि भटियारेही आले. तलवारी परत म्यानात गेल्या. कढई मात्र चुलीवर राहिली.

आणि आता पूर्वेकडे जाऊ या. कारण हल्ली तालुक्याच्या गावी संध्याकाळी जी चायनीजची लाल गाडी उभी राहते, तिच्या काचेआड आमच्या पुडाच्या वडीची एक लांबची बहीण मांडलेली असते. ‘स्प्रिंग रोल’ हे तिचे नाव. स्प्रिंग म्हणजे तारेची गुंडाळी, म्हणून हा गुंडाळलेला पदार्थ, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हा स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू. चिनी पंचांगात फेब्रुवारीच्या चार तारखेच्या आसपास वसंताचा आरंभ होतो. त्या दिवशी नव्या, कोवळ्या, तिखट वासाच्या भाज्यांचे ताट मांडून खाण्याची चाल तेथे थांग राजवटीपासून, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकांपासून आहे. बर्फाचे दिवस सरले आणि जमिनीतून पहिले हिरवे वर आले, याचा तो आनंद. त्या भाज्या पातळ धिरड्यात गुंडाळू लागले, पुढे ती गुंडाळी तळू लागले. फुकियनच्या दर्यावर्दी लोकांबरोबर ती इंडोनेशिया-फिलिपाइन्सला गेली आणि तेथे ‘लुंपिया’ झाली. व्हिएतनामात तर तिचा न तळलेला प्रकारही करतात. तांदळाचा पारदर्शक पापड पाण्यात भिजवून मऊ करायचा. त्यात कोळंबी, शेवया, पुदिना आणि आपली कोथिंबीर ठेवून गुंडाळायची आणि तशीच ताजी खायची. इतक्या दूरच्या मुलखात, अपरिचित पुडीतून आपला सांबार डोकावताना पाहिला, की परगावी गाववाला भेटावा तसे वाटते.

हिंदुस्थानात चिनी माणसे आली ती प्रथम कलकत्त्यास, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे मुंबईतही त्यांनी वस्ती केली. माझगावला त्यांचे देऊळही आहे. त्यांच्या खाणावळींतून हा रोल मोठ्या हॉटेलांत गेला, तेथून हातगाडीवर उतरला आणि रस्त्यारस्त्याने वऱ्हाडात पोहोचला. येताना त्याने कोबी घेतला, गाजर घेतले, मिरचीची लाल चटणी घेतली. वसंत तेवढा वाटेत कुठेतरी सांडला.

येथे पुडाच्या वडीचे आणि चिनी रोलचे रक्ताचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. नाते हवेच कशाला? दोन निराळ्या देशांतल्या बायांना एकच गोष्ट सुचली एवढेच. जे हिरवे वर्षातून थोडे दिवसच उत्तम मिळते, त्याचा सोहळा कसा करावा? त्याला नवे वस्त्र नेसवावे. चीनमध्ये तो दिवस वसंताचा, आमच्याकडे हिवाळ्याचा. वैशाखाच्या उन्हात कोथिंबीर धड पानावर येत नाही. लगेच तुरा टाकून फुलावर जाते. दिवाळीची थंडी पडू लागली, की ती अंग धरते आणि मार्गशीर्ष-पौषात जुडीची पेंढी होते. तेव्हाच घरोघर पुडाची वडी होई. वस्त्र कोणाचेही असो, दिल्लीचे, मांडूचे की चीनचे. आतला देह त्या मातीचा आणि त्या ऋतूचा असला पाहिजे.

फौजांबरोबरच चवी येतात असेही नव्हे. रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडच्या पोटातून नवी वाट झाली. त्या वाटेवर आमच्याच जिल्ह्यात शेगाव. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास तेथील स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाने आपल्या हातची चव परक्या गावाला दिली, आणि त्या गावाने ती अशी आपली केली, की आज ‘शेगाव कचोरी’ म्हटल्यावर पंजाब कोणाला आठवत नाही. लढाईत हरलेले राजे रोहिणखेडाहून निघून गेले. निर्वासित मात्र राहिला आणि जिंकला.

मग चांगली वडी शोधावी कशी? आम्हांला हा धडा घाटाखालच्या एका आठवडी बाजारात मिळाला. गाडीवरच्या वयस्क बाई तेल तापवीत होत्या. आम्ही म्हणालो, “मावशी, दोन प्लेट सांबारवडी द्या.” त्यांनी टोपलीतली जुडी उचलली, नाकाशी धरली आणि खाली ठेवली.

“आज नाई जमत भाऊ. सांबार कालचा हाये. भजे देतो, गरम हायेत. वडी खायाची तं उद्या सकाळी या.”

पदरी आलेले गिऱ्हाईक असे परत लावणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम मुक्काम वाढवून गेलो. ती वडी कशी होती हे सांगण्यापेक्षा एवढेच सांगतो, की त्यानंतर कोणत्याही गाडीपुढे उभे राहिलो, की आम्ही पाटी वाचीत नाही. आधी टोपली पाहतो. भाजी टवटवीत आहे काय, देठ मोडला तर कट्‌कन मोडतो काय, तळण मागणीप्रमाणे चालले आहे की सकाळचा ढीग काचेआड बसला आहे, कढईतले तेल काळे आहे की सोनेरी, एवढे पाहिले की पुरे. चिनी गाडीवरही कसोटी हीच. कोबी समोर चिरला जात असेल तर खुशाल खावे.

अलीकडे कोथिंबीर बारमाही मिळते. जाळीच्या सावलीत ती उन्हाळ्यातही पिकवतात, दुरून गाडीने येते. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे उत्तमच. परंतु सर्वकाळ सर्व मिळू लागले, म्हणजे वाट पाहणे संपते. आणि वाट पाहणे संपले, की सणातले निम्मे सुख संपते. ‘आज नाही, उद्या या’ असे सांगणारी मावशी आणि तिचे ऐकून उद्या येणारे गिऱ्हाईक, ही जोडी मोडली, तर नुसती कृती पुस्तकात राहील. नाव राहून वसंत सांडतो, तो असा.

यंदा लाडू-चकल्यांनी तोंड गोडावले, की पहिल्या थंडीची जुडी घरी आणा. मुलांना फडक्यावर कोथिंबीर पसरायला बसवा, आणि हात कामात असताना त्यांना रोहिणखेडच्या दोन लढायांची गोष्ट सांगा. कोणाचे तख्त गेले, हे ती कदाचित विसरतील. पण पुडी कशी बांधायची, हे त्यांचे हात विसरणार नाहीत.