लवचिक नळीची कुळकथा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाचाच इतिहास लिहितात. वाफेचे इंजिन कोणी केले, पेट्रोलचे कोणी केले, हे शाळेतले मूलही सांगेल. परंतु इंजिन आणि उरलेली गाडी यांच्यामध्ये राहून दोघांची ओढाताण सोसणारे जे भाग असतात, त्यांची कुळकथा सहसा कोणी सांगत नाही. आम्ही पुस्तकी विद्वान नव्हे. कारखान्याच्या दारात आणि गॅरेजच्या खड्ड्यात जे शिकलो, तेवढीच आमची विद्या. तेव्हा आज अशाच एका भागाविषयी बोलू. मोटारीच्या धुराच्या मार्गात, इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये, पुष्कळ गाड्यांत वीतभर लांबीची एक लवचिक नळी असते. तिच्यावर पोलादी तारांची जाळी विणलेली असते. गाडीचा मालक तिच्याकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाही.

या नळीचे मूळ मोटारीत नाही, दागिन्यांत आहे. जर्मनीत प्फोर्झहाइम हे सोनारकामासाठी नावाजलेले गाव. तेथे हाइनरिख वित्झेनमान यांनी १८५४ साली दागिन्यांचा कारखाना काढला. पुढे १८८५ साली त्यांनी आणि फ्रान्समधील युजेन लव्हाव्हास्यूर यांनी मिळून धातूच्या लवचिक नळीचे पेटंट घेतले. हंसाच्या मानेवरून ज्याला नाव पडले, असा एक वाटोळा, हवा तसा वळणारा हार त्या काळी प्रचारात होता. त्याचीच ही मोठी आवृत्ती. धातूच्या अरुंद पट्टीच्या कडा दुमडायच्या आणि ती मळसूत्रासारखी गुंडाळायची. एका वेढ्याची कड शेजारच्या वेढ्याच्या कडेत अडकते, पण आवळली जात नाही. म्हणून नळी वाकते आणि तरीही सुटत नाही. उरलेल्या फटीत रबराचा दोरा बसवीत. ही युक्ती सोनाराच्या हातातली होती. कारखानदारीने ती उचलली.

याच प्फोर्झहाइममध्ये १८४९ साली बेर्टा बेन्झ जन्मली. तिचे पती कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली मोटारगाडीचे पेटंट घेतले. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्टाबाई आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्या गाडीतून मानहाइमहून निघाल्या आणि थेट माहेरी पोचल्या. म्हणजे मोटार आणि लवचिक नळी या दोघी त्या दिवशी एकाच गावात होत्या. पण दोघींची सोयरीक जमायला पुढे बराच काळ जावा लागला. मोटारीला अजून तिची गरजच भासली नव्हती.

ती का भासली नव्हती, हे समजले म्हणजे अर्धा इतिहास समजला. जुन्या मोटारींत इंजिन सांगाड्याला बोल्टांनी घट्ट आवळलेले असे. इंजिन हादरले की सारी गाडी हादरे. बसणाऱ्याचे हाल होत, पण धुराच्या नळीला वेगळा ताण पडत नसे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या आधारांवर ठेवले. बसणाऱ्याला सुख झाले, पण आता इंजिन एका चालीने हलू लागले आणि गाडी दुसऱ्या. दोघांना जोडणारी धुराची नळी मधल्यामध्ये सापडली.

तरीही इंजिन लांबीत बसवलेले असेपर्यंत निभावत होते. तसे इंजिन डावीउजवीकडे डोलते. मागे जाणाऱ्या नळीला थोडा पीळ पडतो, इतकेच. १९५९ साली इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी गाडी आली. तिच्यात इंजिन आडवे होते आणि ओढ पुढच्या चाकांना होती. आडवे इंजिन पुढेमागे झुलते. क्लच सोडला की एकीकडे, पाय उचलला की दुसरीकडे. प्रत्येक झोक्याला नळी वाकते. अशी रचना मिनीच्या आधीही झाली होती, पण लहान गाड्यांत ती रुळली ती मिनीनंतर. आपल्याकडे हा फरक लोकांनी डोळ्यांनी पाहिला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट-पद्मिनीचे इंजिन लांबीत होते आणि ओढ मागच्या चाकांना. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००चे इंजिन आडवे होते.

त्यात उष्णतेची भर. एक मीटर स्टेनलेस नळी ५०० अंशांनी तापली तर आठ-नऊ मिलिमीटरने वाढते. तिला वाढायला जागा दिली नाही, तर ती कोठेतरी तडकतेच.

यावर कोणी स्प्रिंगने दाबलेला गोल सांधा काढला, कोणी वळेदार नळी घातली. पुढे धूर शुद्ध करण्याचे कायदे आले. अमेरिकेत १९७५ सालच्या गाड्यांपासून उत्प्रेरक शोधक बसू लागले. आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले. धुरातला प्राणवायू मोजणारा संवेदकही आला. आता थोडीशी गळतीही चालेना. नळीला चीर पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते, संवेदकाला वाटते की इंधन कमी पडते आहे, आणि इंजिनाला विनाकारण जास्त पेट्रोल मिळते.

म्हणून आजच्या नळीला तीन थर असतात. मधला थर अखंड वळ्यांचा, पातळ स्टेनलेस पत्र्याचा. तो धूर बाहेर जाऊ देत नाही. बाहेरची जाळी त्याला मर्यादेबाहेर ताणू देत नाही. आणि आत, धगीचा पहिला मारा झेलायला, बहुधा गुंडाळलेल्या पट्टीचे अस्तर असते. हे अस्तर म्हणजे १८८५च्या त्या नळीची पणतीच!

आमच्या माणसांच्या जिवाशी या नळीचा संबंध येतो तो पुढे. नळी फाटली की खर्च वाचविण्यासाठी गॅरेजात पुष्कळदा ती कापून टाकतात आणि तेथे सरळ ताठ पाइप वेल्ड करतात. गाडी त्या दिवशी चालते. परंतु इंजिनाचा झोका काही थांबलेला नसतो. तो दुसरीकडे जातो. काही दिवसांनी वेल्ड सुटतो, नाही तर मॅनिफोल्ड तडकतो. तडा शोधकाच्या अलीकडे पडला, तर कच्चा धूर बॉनेटखाली साचतो आणि फटींतून आत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मग झोप येते. ऊन लागले असे ड्रायव्हर समजतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून खाली खड्ड्यात उतरलेल्या पोरालाही तसेच वाटते.

विजेच्या गाडीला धूर नाही, म्हणून ही नळीही नाही. कधीतरी तिचा इतिहास संपेल. तोवर रस्त्यावर धुराच्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याखाली रोज माणसे झोपून काम करतात. तेव्हा आमचे मागणे एवढेच: नळी फाटली तर नळीच घाला, शेडचे दार उघडे ठेवा, आणि खाली माणूस असेल तर इंजिन बंद करा.