मुंबईचा सर्वकालीन संघ: खाडीपलीकडचा हिशेब

मुंबईच्या रणजी संघाचे सर्वकालीन अकरा निवडण्याचा खेळ ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत प्रत्यक्ष क्रिकेटइतक्याच आवडीने खेळला जातो. सोसायटीचा कट्टा असो की सकाळच्या फास्ट लोकलमधला ठरलेला डबा, पहिली काही नावं बिनविरोध येतात: सुनील गावसकर, विजय मर्चंट, सचिन तेंडुलकर, अजित वाडेकर, दिलीप वेंगसरकर. भांडण त्यानंतर सुरू होतं, आणि डोंबिवलीत ते हमखास अजिंक्य रहाणेवर येऊन ठेपतं. या वादात एक घोळ मात्र कायम राहतो. निवडायचा असतो मुंबईचा संघ, पण दाखले दिले जातात भारताकडून केलेल्या पराक्रमाचे. मेलबर्न, लॉर्ड्स आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या धावांवर मुंबईच्या संघातली जागा ठरते. ४२ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या संघाच्या इतिहासाला स्वतःचं मोजमाप असायला हवं. मुंबईची टोपी घालून, मुंबईला गरज असताना, किती वर्षं काय केलं, हे ते मोजमाप. ते प्रामाणिकपणे लावलं तर खाडीपलीकडच्या, म्हणजे ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या, खेळाडूंचा हिशेबही अभिमानाच्या किंवा न्यूनगंडाच्या आहारी न जाता मांडता येतो.

या मोजमापाने पहिला बदल होतो तो गोलंदाजीत. पद्माकर शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची ती जागा बिशनसिंग बेदींकडे होती. पण प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाने १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला तामिळनाडूचे आठ गडी अवघ्या १६ धावांत टिपले आणि मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद पक्कं केलं. फलंदाजीत अमोल मुझुमदार तसाच. पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा, पुढे दीड दशक मधल्या फळीचा भार, आणि २००६-०७ मध्ये पराभवांनी सुरू झालेला हंगाम कर्णधार म्हणून करंडकापर्यंत नेणं. भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही, पण मुंबईच्या संघात त्याचं नाव निघायलाच हवं.

यावर पहिला आक्षेप असा की, जो देशासाठी खेळत होता त्याला मुंबईसाठी वेळच मिळाला नाही. त्यात त्याचा काय दोष? दोष नाहीच, आणि हे मोजमाप केवळ सामन्यांची संख्या मोजत नाही. तेंडुलकर मुंबईकडून तुलनेने थोडेच रणजी सामने खेळला, पण १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी गुजरातविरुद्ध पदार्पणातलं शतक, २००० च्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध नाबाद २३३ आणि २०१३ मध्ये लाहलीला विजय मिळवून देणाऱ्या नाबाद ७९ धावा, एवढा ऐवज त्याची जागा राखायला पुरेसा आहे. दुसरा आक्षेप असा की, सलग पंधरा करंडकांच्या आणि त्याआधीच्या काळात प्रतिस्पर्धी दुबळे होते, मग त्या काळातले आकडे कसे धरायचे? यावर उपाय एकच: प्रत्येकाची तुलना त्याच्या समकालीनांशी करायची. रणजीत मर्चंट यांची सरासरी ९८.७५ होती. प्रतिस्पर्धी दुबळे म्हणावेत, तर त्याच गोलंदाजीपुढे बाकीच्यांना अशी सरासरी का गाठता आली नाही?

आता खाडीपलीकडे येऊ. बोरीबंदरहून पहिली गाडी १८५३ मध्ये ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. क्रिकेटची व्यवस्था मात्र दीर्घकाळ बेटावरच राहिली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, पावसाळ्यातली कांगा लीग, हॅरिस आणि गाइल्स शील्ड, ऑफिसांची टाइम्स शील्ड, हे सगळं तिकडे. नंतर ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम झालं, तिथे रणजी सामनेही झाले. तरी निवड समितीच्या नजरेत भरायचं तर किट बॅग घेऊन लोकलच्या गर्दीत शिरणं मुलांना चुकलं नाही. डोंबिवलीहून सीएसटी जवळजवळ पन्नास किलोमीटर. लहानपणीच्या त्या प्रवासाबद्दल रहाणेने जाहीर मुलाखतींत सांगितलं आहे. त्यामुळे जुन्या सर्वकालीन संघांत इथलं नाव नसतं याचं कारण गुणवत्तेत शोधण्याआधी भूगोलात शोधावं लागतं. पण संधी कमी होती म्हणून वाढीव गुण द्यायचे, हेही या मोजमापात बसत नाही.

डोंबिवलीत जन्मलेला नीलेश कुलकर्णी हे याचं उत्तम उदाहरण. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोला त्याने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केलं. असं करणारा तो पहिला भारतीय. मग श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या, त्याला दुसरा बळी मिळाला नाही आणि त्याची कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत संपली. लोकांच्या आठवणीत तो एक चेंडू आणि ती धावसंख्या तेवढी राहिली, मुंबईसाठी वर्षानुवर्षं टाकलेली षटकं मात्र विस्मरणात गेली. आपल्या मोजमापाने कोलंबोचा विक्रमही गौण आणि तिथली पिटाईही गौण. तो मुंबईचा खरोखर मोठा फिरकीपटू ठरतो. पण त्याच डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर शिवलकर उभे आहेत, आणि तिथे डोंबिवलीकरालाही गप्प बसावं लागतं.

रहाणेचा दावा अधिक भक्कम आहे. तो जन्माने संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, पण वाढला डोंबिवलीत. खेळाडू घडतो तिथला मानायचा, तर तो इथलाच. (याच न्यायाने रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीत राहत असले तरी बोरिवलीत आजोबांकडे वाढलेल्या रोहितवर आपला हक्क सांगता येत नाही.) रहाणेचं नाव घेताना हटकून सांगितलं जाणारं मेलबर्नचं २०२० मधलं शतक इथे बाजूला ठेवावं लागतं. तरी उरतं ते थोडं नाही: २००८-०९ च्या विजेत्या हंगामातल्या हजाराहून अधिक धावा आणि आठ वर्षांच्या खंडानंतर २०२३-२४ मध्ये कर्णधार म्हणून जिंकलेला करंडक. त्या हंगामात त्याची बॅट रुसली होती हा आक्षेप खराच आहे; पण अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने ७३ धावा केल्या आणि अपयशी ठरत असतानाही संघ एकसंध ठेवला. तरीही वाडेकर, तेंडुलकर, वेंगसरकर आणि पॉली उम्रीगर यांच्यातल्या कुणाला काढून त्याला अकरांत बसवता येत नाही. मुझुमदारही त्याच रांगेत आहे. पंधरा जणांच्या चमूत मात्र दोघांच्याही जागा पक्क्या.

मग एकाच पराक्रमाने गाजलेल्यांचं काय? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या मैदानावर शाळकरी प्रणव धनावडेने भंडारी चषकात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर गाजलेला हा विक्रम शालेय क्रिकेटचा, मुंबई संघाचा नव्हे. कल्याणच्या तुषार देशपांडेने २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर १२३ धावा करत तनुष कोटियनबरोबर २३२ धावांची भागीदारी केली. ही अद्भुत खेळी त्याला इतिहासात नेते, सर्वकालीन संघात नाही. त्याच मोसमात जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने उपांत्य सामन्यात ७ बाद १०६ वरून संघाला सावरत १०९ धावा केल्या आणि अंतिम सामन्यात पडझडीत ७५. त्याचा निकाल अजून राखून ठेवावा, कारण त्याची कारकीर्द चालू आहे आणि २०२५ मध्ये रहाणेनंतर कर्णधारपदही त्याच्याकडेच आलं. म्हणजे आजच्या हिशेबाने खाडीपलीकडचा एक चमूत, एक दारात आणि एक प्रतीक्षेत. अभिमानापोटी हा आकडा फुगवला तर शिवलकरांना ज्या मोजमापाने न्याय मिळाला तेच मोडावं लागेल. त्यापेक्षा २०२३-२४ च्या करंडकाकडे पाहावं: कर्णधार डोंबिवलीचा, दोन मोक्याच्या सामन्यांत तळाला तारणारा पालघरचा आणि शेवटच्या जोडीतला शतकवीर कल्याणचा. पुढची पिढी हा वाद घालील तेव्हा तिला सवलत मागावी लागणार नाही, आकडे पुरेसे असतील.